जुन्या प्रथम दिवस आवरणाचा कर्ता कसा ओळखावा: नवोदित संग्राहकांसाठी

१६ एप्रिल १९५३ रोजी भारतीय रेल्वेच्या शताब्दीनिमित्त दोन आण्यांचे टपाल तिकीट निघाले. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली त्याला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली होती, त्यामुळे ठाण्यात राहणाऱ्या संग्राहकाला या तिकिटाचा आणि त्याच्या प्रथम दिवस आवरणांचा, म्हणजे तिकीट निघाले त्याच दिवशी ते लावून शिक्का मारलेल्या पाकिटांचा, विशेष लळा असतो. माझ्या संग्रहात अशी दोन आवरणे आहेत. तिकीट तेच आणि शिक्क्यावरील तारीखही तीच. पण पाकिटाच्या डाव्या भागातील चित्रे अगदी निराळी आहेत आणि दोन्ही चित्रांखाली कोणाचेच नाव नाही. पहिल्या आवरणाचा कर्ता मला बऱ्याच खटपटीनंतर सापडला, दुसऱ्याचा अद्याप सापडलेला नाही. या कामात उपयोगी पडलेली पद्धत नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडली आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे सांगतो. प्रथम दिवस आवरणाला आपण सारे एफडीसी म्हणतो, आणि त्यावरील चित्राला संग्राहक कॅशे म्हणतात. कॅशे छापलेली आवरणे विक्रीसाठी काढण्याची प्रथा अमेरिकेत रुजली. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांच्या निधनानंतर १९२३ मध्ये निघालेल्या स्मृती तिकिटासाठी जॉर्ज वॉर्ड लिन यांनी छापलेले आवरण हे या प्रकारातील पहिले मानले जाते. आपल्याकडे टपाल खात्याच्या आवरणांबरोबर खासगी विक्रेत्यांनी, संग्राहक मंडळांनी आणि हौशी व्यक्तींनी काढलेली आवरणेही आढळतात, आणि ओळख पटवण्याचा खरा प्रश्न या खासगी आवरणांच्या बाबतीतच उभा राहतो.

एकाच पाकिटावर अनेकांचे हात

नवख्या संग्राहकाची पहिली फसगत येथेच होते. एका आवरणावर सहसा पाच जणांचे काम असते: तिकिटाचा चित्रकार, कॅशेचा चित्रकार, पाकीट छापणारा छापखाना, ते छापून घेऊन विकणारा प्रकाशक, आणि शिक्का मारणारे टपाल कार्यालय. यांतील प्रकाशकालाच संग्राहक सहसा आवरणाचा कर्ता मानतात. कधी एकच माणूस यांतील तीन कामे करतो, तर कधी पाचही माणसे वेगवेगळ्या गावांतील असतात. तिकीट ज्याने रेखाटले त्यानेच कॅशेही रेखाटले असे गृहीत धरणे चुकीचे आहे, कारण खासगी प्रकाशकाचा तिकिटाच्या चित्रकाराशी बहुधा कसलाच संबंध नसे. त्याचप्रमाणे शिक्का दिल्लीचा असला म्हणून आवरण दिल्लीत छापले गेले असे ठरत नाही. कोरी छापील पाकिटे दुसऱ्या शहरात पाठवून तेथे तिकीट लावून शिक्का मारून घेण्याची सोय कोणालाही होती.

म्हणून कोणतेही आवरण हाती आल्यावर प्रथम एका कागदावर हे पाच रकाने आखावेत आणि जे नजरेस पडेल ते योग्य त्या रकान्यात लिहावे. पुष्कळ रकाने रिकामे राहतील, आणि त्यात काही वावगे नाही.

खात्याचे की खासगी

यानंतर आवरण सरकारी आहे की खासगी, हे पाहावे. खात्याच्या आवरणावर खात्याचे नाव असते, आणि त्या नावावरून काळाचाही अंदाज बांधता येतो. टपाल आणि दूरसंचार ही दोन खाती १९८५ मध्ये वेगळी झाली, त्यामुळे ‘डाक-तार’ असा जोड उल्लेख असलेले आवरण त्याआधीच्या काळातील समजावे. अलीकडच्या दशकांतील तिकिटांसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात तिकीट, आवरण आणि शिक्का यांच्या रचनाकारांची नावे स्वतंत्रपणे छापलेली असतात, म्हणून अशा आवरणाबरोबर माहितीपत्रक मिळाले तर ते कधीही टाकून देऊ नये. खात्याच्या आवरणांविषयी एवढे पुरे.

हाताळणी आणि साधने

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, एक छोटी टॉर्च आणि मऊ पेन्सिल एवढी सामग्री पुरते. पेन्सिल टिपणाच्या कागदासाठी आहे, आवरणावर काहीही लिहू नये. पाकिटे पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नयेत, कारण त्यातून निघणारी द्रव्ये कागदाला आणि शाईला बाधतात. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या वापराव्यात. खाडीकाठच्या ठाण्यात किंवा वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांत पावसाळ्याचे चार महिने हवेत इतका ओलावा असतो की, पाकिटाच्या झाकणाचा जुना डिंक आपोआप ओला होऊन झाकण चिकटून बसते. असे झाकण ओढून किंवा वाफ देऊन उघडण्याचा मोह टाळावा. झाकणाच्या आतील बाजूस प्रकाशकाचे नाव छापलेले असण्याची शक्यता असते, आणि ओढाताणीत नेमका तोच कागद फाटतो. पाकिटाच्या कापलेल्या कडेतून टॉर्चचा उजेड आत सोडल्यास ती अक्षरे पुष्कळदा न उघडताही वाचता येतात.

सारा मजकूर वाचणे

हे सांगायला सोपे आणि करायला चिकाटीचे काम आहे. चित्राची खालची कड, उभ्या कडेला आडवी लिहिलेली बारीक अक्षरे, चित्रातील झुडपाच्या किंवा दगडाच्या रेषांत दडवलेली आद्याक्षरे, पाकिटाची मागची बाजू, झाकणाची आतली बाजू आणि आत घातलेले जाड कार्ड या सर्व जागा भिंगाखाली पाहाव्यात. आतील कार्डावर प्रकाशकाची जाहिरात असू शकते. मात्र कार्ड एका पाकिटातून दुसऱ्यात सहज जाते. कार्ड त्याच पाकिटाचे आहे का हे तपासण्यासाठी कागदावर पडलेली पिवळसर छाया पाहावी. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या कार्डाचा आणि पाकिटाचा रंग एकमेकांना जुळतो, तर नंतर घातलेल्या कार्डाची कड त्या छायेशी जुळत नाही.

प्रकाशकाचा पत्ता मिळाला, तर तो नावाइतकाच मोलाचा समजावा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, म्हणजे सहा अंकी पिन छापलेले पाकीट त्यापूर्वी छापलेले असू शकत नाही. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात विभागाचा क्रमांक लिहीत, आणि पुढे तेच क्रमांक पिनच्या शेवटी आले: ‘बॉम्बे ४’ म्हणजे आजचे ४००००४, अर्थात गिरगाव, आणि ‘बॉम्बे २८’ म्हणजे दादरचे ४०००२८. ठाण्याच्या जुन्या पत्त्यात इंग्रजीत ‘ठाणा’ असे लिहिलेले आढळते. पाकिटावर छापलेली किंमतही अशीच बोलकी असते. आण्यांत किंमत असेल तर छपाई १ एप्रिल १९५७ च्या आधीची धरावी. ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल तर ती त्यानंतरची, आणि जून १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळण्यापूर्वीची असण्याचा संभव मोठा. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख १ मे १९६० पूर्वीचा काळ दाखवतो. या खुणांनी कर्त्याचे नाव कळत नाही, पण कोणते प्रकाशक त्या काळात बसत नाहीत हे कळते, आणि यादी निम्म्याने लहान होते.

छपाईची तपासणी

माझ्या मते नवशिक्याने सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, कारण सही खोटी करता येते, पत्ता दुसऱ्याचा असू शकतो, परंतु छपाईची जात लपवता येत नाही.

पाकीट डोळ्यांच्या पातळीवर धरून टॉर्चचा उजेड एका बाजूने तिरका सोडावा. शिशाच्या खिळ्यांनी किंवा धातूच्या ब्लॉकवरून ट्रेडल यंत्रावर, म्हणजे पायाने चालवायच्या छोट्या छपाई यंत्रावर, छापलेले चित्र असेल, तर रेषा कागदात किंचित रुतलेल्या दिसतात. भिंगाखाली प्रत्येक अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार असते, कारण दाबामुळे शाई बाहेरच्या बाजूस ढकलली जाते. फोटोवरून केलेला हाफटोन ब्लॉक असेल तर ओळीत बसलेले लहानमोठे ठिपके दिसतात; रेखाचित्रावरून केलेला लाइन ब्लॉक असेल तर ठिपके नसतात आणि रेषा सलग असते.

धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या रेषांतून छपाई केली असेल, तर याच्या उलट घडते. तेथे शाई कागदावर उंच उभी राहते, बोटाच्या टोकाला बारीक खरखर जाणवते आणि पाकिटाच्या आतल्या अंगाला दाबाची खूण उमटलेली सापडते. हीच उंची नकली पद्धतीनेही आणता येते. ओल्या शाईवर राळेची पूड टाकून ती तापवली की अक्षरे फुगतात आणि चकाकतात. मात्र अशा छपाईत आतल्या बाजूला दाबाची खूण नसते. ऑफसेटची, म्हणजे रबरी रुळावरून कागदावर उतरवलेली, छपाई सर्वस्वी सपाट असते, आणि रंगीत चित्र असेल तर चार रंगांच्या ठिपक्यांची फुले भिंगाखाली स्पष्ट होतात. रबरी शिक्क्याने उठवलेल्या चित्राची शाई मध्ये विरळ आणि कडेला गोळा झालेली असते. हाताने रंगवलेल्या चित्रात ब्रशचा ओघ दिसतो, आणि रंग रेषेच्या बाहेर कोठे गेला हे प्रत्येक प्रतीत निराळे असते.

याच तपासणीत एका मोठ्या धोक्याची खबर मिळते. साध्या, चित्र नसलेल्या जुन्या आवरणावर नंतर कॅशे छापून त्याची किंमत वाढवण्याचे प्रकार होतात. गांधीजींच्या स्मरणार्थ १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या चार तिकिटांसारख्या मागणी असलेल्या आवरणांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. टपालाचा शिक्का आणि कॅशे जेथे एकमेकांवर आले असतील, ती जागा भिंगाखाली धरावी: कॅशे आधी छापलेले असेल तर शिक्क्याची शाई त्याच्यावर बसते, आणि कॅशेची रेषा शिक्क्यावरून गेलेली दिसली तर ते चित्र नंतरचे आहे. विखुरलेले रंगीत तुषार दिसले तर चित्र इंकजेट यंत्राचे, आणि चमकदार काळी भुकटी दिसली तर लेझर प्रिंटरचे समजावे. अतिनील दिव्याखाली १९४८ चे म्हणून विकले जाणारे पाकीट निळसर पांढरे झगमगू लागले, तरीही संशय धरावा, कारण कागदाला शुभ्रपणा देणारी तशी रसायने १९५० च्या दशकापासून सर्रास वापरात आली.

अक्षरे, पाकीट आणि जुळणारी दुसरी प्रत

आता माझ्या पहिल्या रेल्वे आवरणाकडे वळतो. त्यावरील चित्र लाइन ब्लॉकवरून तपकिरी शाईत छापलेले आहे, आणि इंजिनाखालची देवनागरी अक्षरे खिळ्यांची नसून हाताने काढलेली आहेत. ‘रेल्वे’मधील ‘ल’ चा डावा लूप पूर्ण मिटलेला आहे, आणि शिरोरेघ शब्दाच्या शेवटी थोडी पुढे जाऊन खाली वळते. हे वळण मी टिपणात पेन्सिलीने जसेच्या तसे उतरवून ठेवले होते. पाकिटाची लांबीरुंदी, झाकणाच्या टोकाचा आकार आणि चिकटवलेल्या बाजूंच्या पट्ट्यांची रुंदीही लिहिली होती.

पुढे एका परिचितांच्या संग्रहात २ ऑक्टोबर १९५३ रोजी निघालेल्या एव्हरेस्ट विजयाच्या तिकिटांचे एक आवरण पाहण्यात आले. चित्र पर्वताचे होते आणि शाई निळी. वरवर पाहता दोन्ही आवरणांत काहीच साम्य नव्हते. तथापि शिरोरेघेचे तेच वळण तेथे होते आणि ‘ल’ चा लूपही तसाच मिटलेला होता. पट्टी लावून पाहिले तर पाकिटाची मापे मिलिमीटरपर्यंत जुळली, आणि झाकणाच्या आत ‘बॉम्बे ४’ असा पत्ता असलेल्या एका विक्रेत्याचे नाव छापलेले होते. अक्षरवळण, पाकिटाची जात, छपाईची पद्धत आणि अवघ्या साडेपाच महिन्यांचे अंतर असा चार बाजूंनी ताळा जुळल्यावरच मी रेल्वे आवरणापुढे त्या विक्रेत्याचे नाव लिहिले, आणि तेही ‘संभाव्य’ या शेऱ्यासह, कारण माझ्या स्वतःच्या प्रतीवर ते नाव कोठेही नाही.

नवख्यांनी या उदाहरणातून नेमकी कृती उचलावी. शितावरून भाताची परीक्षा येथे चालत नाही. एखादे साम्य योगायोगाने येते, किंवा दोन प्रकाशक एकाच छापखान्यातून काम करून घेत असल्यामुळेही येते. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान तीन खुणा जुळल्याशिवाय नाव लिहू नये. खिळ्यांचा टाइप जुळला तर तो छापखान्याचा पुरावा आहे, प्रकाशकाचा नव्हे. हाताने काढलेली अक्षरे जुळली तर तो चित्रकाराचा पुरावा आहे. आणि नाव छापलेली दुसरी प्रत हाच प्रकाशकाचा खरा पुरावा. त्यामुळे शक्य तितकी आवरणे पाहत राहणे, आपल्याला विकत घ्यायची नसलेलीही पाहणे, याला पर्याय नाही.

एक चूक आवर्जून सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहे आणि तिची मला अजून खंत वाटते. एका आवरणाच्या मागे एका विक्रेत्याचा जांभळा रबरी शिक्का होता आणि मी त्यालाच आवरणाचा प्रकाशक समजून तशी नोंद केली. ती नोंद माझ्यावर विश्वास ठेवून आणखी दोघांनी आपल्या वहीत उतरवली. काही काळाने तोच शिक्का मला निरनिराळ्या देशांच्या आवरणांवर दिसला आणि तो केवळ विकणाऱ्याचा होता हे उघड झाले. मी दोघांनाही कळवले, पण एकदा कागदावर गेलेली चुकीची ओळख पुसणे किती जड जाते हे तेव्हा कळले. मागच्या बाजूचा रबरी शिक्का विक्रेत्याचा, जुन्या मालकाचा किंवा पारख करणाऱ्या तज्ज्ञाचा असू शकतो, म्हणून त्याची नोंद वेगळ्या सहाव्या रकान्यात करावी.

पाकिटावरील नावपत्ताही सुटू देऊ नये. प्रकाशक स्वतःच्या पत्त्यावर काही प्रती पाठवून घेत, तसेच नियमित ग्राहकांना प्रत्येक नव्या तिकिटाचे आवरण पाठवीत. एकाच व्यक्तीच्या नावाची, एकाच टंकलेखन यंत्रावर टंकलेली आवरणे एकत्र मिळाली तर ती शक्यतो विखुरू नयेत. यंत्रातील एखादे झिजलेले किंवा वर उचललेले अक्षर साऱ्या गठ्ठ्यावर सारखे असते, आणि त्यातील एका जरी पाकिटावर प्रकाशकाचे नाव निघाले तरी बाकीच्यांना आधार मिळतो.

अमेरिकी आवरणे

जुन्या गठ्ठ्यांत अमेरिकी आवरणेही निघतात, आणि त्यांची ओळख तुलनेने सोपी असते. आर्टक्राफ्ट, आर्टमास्टर, हाउस ऑफ फार्नम, फ्लीटवूड ही प्रकाशकांची नावे बहुधा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतात. आर्टक्राफ्टची आवरणे १९३९ पासूनची आणि आर्टमास्टरची १९४६ पासूनची असल्याने त्याआधीच्या तिकिटावर ही नावे दिसली तर थांबून विचार करावा. सही नसलेल्या १९२३ ते १९३९ या काळातील कॅशेंना प्लँटी यांच्या सचित्र सूचीत क्रमांक दिलेले आहेत, म्हणून जाणकार ‘प्लँटी क्रमांक’ विचारतात. अमेरिकन फर्स्ट डे कव्हर सोसायटी ही संस्था १९५५ पासून याच विषयाला वाहिलेली आहे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक आवरणाच्या दोन्ही बाजू आणि झाकणाची आतली बाजू किमान ६०० डीपीआयने स्कॅन करावी आणि स्कॅन करताना शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे मापे पुन्हा घ्यावी लागत नाहीत. नोंदीच्या कार्डावर कर्त्याच्या नावापुढे तीनच शेरे वापरावेत: नाव त्याच आवरणावर छापलेले असेल तर ‘निश्चित’, जुळणाऱ्या प्रतीवरून ठरवले असेल तर ‘संभाव्य’, आणि एरवी ‘अज्ञात’. शेऱ्याखाली कारण लिहावे, कारणाशिवाय शेरा लिहू नये. विकताना किंवा कोणाला देताना ते कार्ड आवरणाबरोबर द्यावे.

जुन्या मासिकांत टपाल तिकीट विक्रेत्यांच्या जाहिराती येत, आणि त्यांत नव्या आवरणाचे चित्र, किंमत आणि पत्ता एकत्र सापडू शकतो. त्यासाठी १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत आपल्याला हव्या त्या महिन्यांचे अंक आहेत का, याची चौकशी करावी. तिकीट निघाल्याच्या तारखेच्या दोन महिने आधीपासून दोन महिने नंतरपर्यंतचे अंक चाळणे पुरेसे असते.

माझ्या दुसऱ्या रेल्वे आवरणाच्या कार्डावर आज एवढेच लिहिलेले आहे: ‘कर्ता अज्ञात. ऑफसेट नव्हे, हाफटोन ब्लॉक, हिरवी शाई. अक्षरे खिळ्यांची, इंग्रजी व देवनागरी. झाकण टोकदार, आत मजकूर नाही. शिक्का कॅशेवर बसलेला. जुळणारी प्रत पाहिलेली नाही.’ हिरव्या शाईत छापलेले असे आवरण कोणाच्या संग्रहात असल्यास त्याच्या झाकणाची आतली बाजू एकदा टॉर्चच्या उजेडात जरूर पाहावी.